मापाचं ताट आणि रोजची चाल



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघणार, तेव्हा इतिहासावर एक लेख द्या, असा संयोजक मंडळींचा निरोप आला. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लढाया, परिषदा आणि सत्याग्रह उभे राहतात. ते साहजिकच आहे. पण या वेळी मी त्याच इतिहासातील एक बाजूला राहून गेलेली गोष्ट मांडणार आहे. ही गोष्ट आहे ताटाची आणि पायांची. आपली माणसं काय खात होती, किती चालत होती आणि संकटाच्या वेळी त्याचा त्यांना काय उपयोग झाला, याची ही गोष्ट.

हा विषय का घेतला तेही सांगतो. पौर्णिमेला वंदना संपली की आपण सारे विहाराच्या ओट्यावर घटकाभर बसतो. कुणाचा मुलगा कुरकुंभच्या एमआयडीसीत रात्रपाळी करतो. कुणाची मुलगी स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात खोली घेऊन राहते. कुणी पहाटेची गाडी धरून पुण्याला कामाला जातो आणि रात्री उशिरा घरी येतो. घराचे हप्ते आहेत, लग्नकार्यं आहेत, ठेकेदाराकडची नोकरी आज आहे तर उद्या नाही. बोलता बोलता एकच शब्द वारंवार कानावर येतो, 'टेन्शन'. त्याच्या जोडीला बीपीची गोळी आणि शुगरची गोळी. तीसुद्धा चाळिशी गाठायच्या आत! आपल्या आजा-पणजांच्या वाट्याला याहून कठीण दिवस आले होते. त्यातून जे तगले, ते कशाच्या बळावर तगले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी पार अडीच हजार वर्षे मागे गेलो आणि पुन्हा फिरून केडगावातच येऊन पोहोचलो.

उरुवेलेचा धडा

गृहत्याग केल्यानंतर सिद्धार्थ गौतमांनी उरुवेलेच्या परिसरात सहा वर्षे कठोर तपश्चर्या केली. अन्न कमी करीत करीत ते ओंजळभर कडधान्याच्या पाण्यावर आले. मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात त्या अवस्थेचे वर्णन आहे. पोटावरून हात फिरवला तर पाठीचा कणा हाताला लागावा, उठायला जावे तर तोल जाऊन पडावे, अशी ती अवस्था होती. एवढे करूनही मनाला शांती नव्हती. तेव्हा त्यांना लहानपण आठवले. वडील शेतावर असताना आपण जांभळीच्या झाडाखाली बसलो होतो आणि मन कसे सहज शांत झाले होते, हे त्यांना आठवले. इतक्या खंगलेल्या शरीराला ते सुख पुन्हा गवसणे कठीण आहे, हे त्यांनी ओळखले आणि अन्न घेण्याचा निर्णय केला. सुजातेच्या खिरीची कथा आपण सर्वजण जाणतोच. सोबतचे पाच तपस्वी रागावून निघून गेले. हा तर खाण्यापिण्याच्या नादी लागला, असे त्यांना वाटले. पण त्यानंतरच बोधी प्राप्त झाली, ही गोष्ट ध्यानात घ्या. मध्यम मार्गाचे पहिले पाऊल पडले ते ताटाच्या बाबतीत!

दुसरी कथा त्याच्या उलट टोकाची आहे. कोसल देशाचा राजा पसेनदी जेवणाचा भारी शौकीन होता. संयुत्त निकायात म्हटले आहे की तो एका वेळी द्रोणभर भात खात असे. द्रोण हे धान्य मोजायचे मोठे माप होते. एकदा असाच भरपेट जेवून, धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. भगवंत त्याच्यावर रागावले नाहीत. भान ठेवून मापात जेवणाऱ्याचा त्रास कमी होतो आणि वय सावकाश चढते, अशा अर्थाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाजवळ सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला सांगितली, आणि मी जेवायला बसलो की रोज मला म्हणून दाखव, त्याचे तुला रोज शंभर कार्षापण देईन, असे ठरवून दिले. राजाचे जेवण हळूहळू कमी होत नाळीभर भातावर आले. नाळी हे द्रोणाहून कितीतरी लहान माप. त्याचे अंग हलके झाले आणि भगवंतांनी आपल्यावर दुहेरी कृपा केली असे तो आनंदाने म्हणाला.

या कथेत मला एक व्यवहाराची गोष्ट दिसते. राजाने उद्यापासून खाणे बंद, अशी शपथ घेतली नाही. त्याने आठवण करून देणारा माणूस ठेवला आणि माप एकदम न उतरवता हळूहळू उतरवले. आपल्या घरातही एखादा सुदस्सन असावा. मग तो नातू असो की नात!

आळवीचा शेतकरी

आता ज्याच्या ताटात मुळातच काही नाही त्याला मापात खा असे कसे सांगायचे? याचेही उत्तर धम्मात आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावच्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. भगवंत आळवीत येणार आणि धम्मदेसना देणार म्हणून त्याला जायचे होते. पण नेमका त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. दिवसभर रान तुडवून त्याने बैल शोधला, गोठ्यात आणून बांधला आणि उपाशीपोटीच तो सभेला आला. इकडे सगळ्यांचे भोजन उरकले होते, पण भगवंत त्याच्यासाठी थांबून राहिले होते. तो आल्याबरोबर भगवंतांनी विचारले, अन्न शिल्लक आहे का? असेल तर आधी याला वाढा. त्याचे पोट भरले, जीव थाऱ्यावर आला आणि मग देसना सुरू झाली. काही भिक्खूंना ही गोष्ट विचित्र वाटली. तेव्हा भुकेसारखा दुसरा रोग नाही, हे भगवंतांनी त्यांना समजावून दिले.

बंधू-भगिनींनो, शेतकऱ्याला बैल हरवल्याचे टेन्शन काय असते हे आपल्या तालुक्यात कुणाला सांगायला नको. त्या माणसाला भगवंतांनी मन शांत ठेव असा कोरडा उपदेश केला नाही. आधी जेवू घातले. रिकाम्या पोटी माणूस चिडतो, घाबरतो, त्याला विचार सुचत नाही, हा अनुभव आपणा सर्वांचाच आहे.

जशी ताटाची काळजी, तशी चालीची. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे भान ठेवून येरझाऱ्या घालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, कष्ट सोसतात, आजार कमी होतात, खाल्लेले अन्न नीट पचते आणि चालताना मिळालेली एकाग्रता बराच काळ टिकते. आजचा डॉक्टर याहून वेगळे काय सांगतो? भगवंत स्वतः पंचेचाळीस वर्षे पायी फिरले. ऐंशीव्या वर्षीही त्यांची चारिका चालूच होती.

मात्र येथेही मध्यम मार्गच. सोण नावाचा श्रीमंताघरचा नाजूक तरुण भिक्खू झाला आणि तळपायांतून रक्त येईपर्यंत चंक्रमण करू लागला. भगवंतांनी त्याला त्याच्याच वीणेचा दाखला दिला. तारा फार ताणल्या तरी सूर लागत नाही आणि फार सैल सोडल्या तरी लागत नाही. ताणतणाव हा शब्द आपण रोज वापरतो. त्यातला ताण किती असावा, हे त्या वीणेच्या तारेने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

शिरूर ते कोरेगाव : एका रात्रीची चाल

आता आपल्या परिसरात येऊ. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी पुण्याच्या दिशेने निघाली. मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, त्यात सुमारे पाचशे पायदळ, सोबत काही घोडेस्वार आणि दोन तोफा. पायदळात महार सैनिक मोठ्या संख्येने होते, इतर जातिधर्मांचेही होते. रात्रभर चालून, पंचवीस मैलांहून अधिक अंतर तोडून, १ जानेवारी १८१८ च्या सकाळी ते भीमेकाठी कोरेगावपाशी पोहोचले, तो समोर पेशव्यांची प्रचंड फौज. विसावा नाही, अन्न नाही, नदी जवळ असून पाणी मिळायची मारामार. अशा स्थितीत ते रात्री नऊच्या सुमारापर्यंत लढले. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून पावणेतीनशेच्या घरात माणसे कामी आली, पण त्यांनी गाव सोडले नाही. पेरणे येथील जयस्तंभावर 'नाक' शेवटी असलेली नावे आपण दरवर्षी पाहतो. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे येऊन मानवंदना दिली, तेव्हापासून ते आपले प्रेरणास्थान झाले.

त्या लढाईच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे एवढेच विचारायचे आहे की रात्रभर चालून दिवसभर उपाशीपोटी उभे राहण्याची ताकद त्या शरीरांत आली कुठून? ती एका रात्रीत आली नाही. रोजची कवायत, ठरलेल्या वेळी मिळणारा शिधा, पायांना पडलेली चालीची सवय आणि शेजारी उभा असलेला सोबती, यांतून ती वर्षानुवर्षे घडली होती. शिस्त लागलेले शरीर संकटात गोंधळत नाही. भीती त्यालाही वाटते, पण भीतीने त्याचे पाय लटपटत नाहीत.

पलटणीने आपल्याला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे शाळा. लष्करात सैनिकांच्या मुलाबाळांना शिक्षण मिळे. सुभेदार रामजी हे लष्करी शाळेतच शिक्षक होते आणि बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या. पगार गेला हे तर खरेच. पण त्याबरोबर नियमित अन्न, व्यायाम आणि शिक्षण या तिन्ही गोष्टी एकदम हिरावल्या गेल्या. म्हणूनच ती बंदी समाजाच्या इतकी जिव्हारी लागली, असे मला वाटते. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले.

केडगावचे माळरान आणि दुष्काळ

आपल्या केडगावचे नाव भुकेच्या इतिहासात आणखी एका कारणाने आले आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि अन्नावाचून देशोधडीला लागलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय झाली. तेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळात तेथील संख्या आणखी वाढली. रमाबाईंनी स्वतः तरुणपणी दुष्काळाच्या भटकंतीत आई, वडील आणि मोठी बहीण गमावली होती. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांचा धर्म कोणता हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा आणि त्यांनी काय केले ते पाहा. पोटाला अन्न, हाताला काम आणि डोक्याला विद्या. शेती, विणकाम, स्वयंपाक, छपाई असली कामे त्या मुली शिकल्या. घरदार बुडालेले, माणसे डोळ्यांदेखत मेलेली, अशा मनाला नुसत्या धीराच्या शब्दांनी उभारी येत नाही. ठरलेल्या वेळचे जेवण आणि अंगमेहनतीचे, अर्थ असलेले काम यांनी ती येते. आळवीचा शेतकरी आणि केडगावच्या या मुली यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

महाडची पंगत

आता २० मार्च १९२७. चवदार तळ्याचे पाणी पिऊन सत्याग्रही परतले. मंडपात जेवणाची पंगत चालू असताना गुंडांचा जमाव चालून आला. लोकांना मारहाण झाली आणि अन्न मातीत मिसळले गेले. त्या दिवशी महाडात आपले अनेक निवृत्त सैनिक हजर होते. मनगटात जोर असलेली, हत्यार चालवलेली ती माणसे. बाबासाहेबांच्या एका इशाऱ्यावर त्यांनी महाडमध्ये काय केले असते याची कल्पना करा. पण बाबासाहेबांनी शांत राहायला सांगितले आणि ती माणसे शांत राहिली. समोरून लाठी पडत असताना हात आवरणे हे मारण्यापेक्षा कठीण आहे. ज्याचे शरीर शिस्तीत आहे त्यालाच ते जमते. त्याच वर्षी समता सैनिक दल स्थापन झाले. कवायत, गणवेश आणि लाठी यांना आपल्या चळवळीत स्थान मिळाले ते नुसते मिरवायला नव्हे.

त्याच महाड परिषदेत बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट कळकळीने सांगितली होती. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरणे सोडा. पोटाचा प्रश्न तेव्हा बिकट होता. दुसरे अन्न कोठून आणायचे हे माहीत नसतानाही लोकांनी गावोगाव ते सोडले. काही काळ उपास काढले, मार खाल्ला, बहिष्कार सोसले. आपल्या ताटात काय असावे हे ठरवण्याचा हक्क आपल्या आजा-पणजांनी अशी किंमत मोजून मिळवला आहे. तो हक्क आपण आज कसा वापरतो? पाहुण्याला घरची मटकीची उसळ द्यायला लाजतो आणि रंगीत पाण्याची बाटली अभिमानाने पुढे करतो!

अठरा तासांची किंमत

आता एक नाजूक गोष्ट बोलतो. आपल्या घरोघरी मुलांना सांगितले जाते की बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत. हे सांगितलेच पाहिजे. पण त्या अठरा तासांची किंमत त्या शरीराने कशी मोजली, हे आपण मुलांना सांगत नाही. लंडनच्या शिक्षणाच्या काळात पैसे वाचवण्यासाठी ते अत्यंत तुटपुंज्या खाण्यावर दिवस काढीत आणि ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचीत. पुढे मधुमेह जडला, पायांच्या वेदनांनी झोप जाऊ लागली. घटनेच्या मसुद्याचे काम चालले होते तेव्हाच प्रकृती ढासळत होती. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला. माईसाहेबांनी त्यांचे औषध आणि पथ्यपाणी सांभाळले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला काठीचा आधार घेऊन उभे राहत त्यांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. ५ डिसेंबरच्या रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी जवळ मागून घेतले आणि ६ डिसेंबरला ते गेले. वय अवघे पासष्ट. तो ग्रंथ १९५७ साली छापून आला, तो पाहायला ते नव्हते.

बाबासाहेबांपुढे पर्याय नव्हता. कोट्यवधींचे ओझे एका माणसाच्या खांद्यावर होते. पण त्यांनी ते ओझे वाहिले ते तुमच्या-आमच्या मुलांना पोटभर जेवून, नीट झोपून शिकता यावे म्हणूनच ना? मग पुण्यात अभ्यास करणाऱ्या मुलाने एक वेळचा डबा सोडून चहा-वड्यावर राहायचे, रात्र रात्र जागायचे आणि त्याला बाबासाहेबांचा आदर्श म्हणायचे, हे बरोबर नाही. आदर्श घ्यायचा तो ध्येयाचा आणि कष्टाच्या सातत्याचा. उपासमारीचा नव्हे.

आणि माता रमाई! पाच मुलांपैकी चार डोळ्यांदेखत गेली. एकटे यशवंतराव वाचले. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी संसार ओढला आणि २७ मे १९३५ रोजी, ऐन उमेदीच्या वयात त्या गेल्या. त्यांच्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो. पण आजही आपल्या घरात सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खाणारी बाई असेल, तिच्या अंगात रक्त कमी असेल, तर रमाईच्या फोटोला हार घालून काय उपयोग?

बहात्तरचे दिवस

१९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या जुन्या माणसांना अजून लख्ख आठवतो. विहिरी आटल्या, दावणीची जनावरे गेली. लोक सरकारी कामावर गेले. कुठे पाझर तलाव, कुठे नालाबांध, कुठे रस्त्याची खडी फोडणे. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो आणि कामावर सुकडी. तान्ही मुले झोळीत आणि आई पाटी उचलतेय, हे चित्र गावोगाव होते. त्याच काळात रोजगार हमी योजना आकाराला आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या दिवसांबद्दल म्हातारी माणसे दोन गोष्टी आवर्जून सांगतात. मिलो घशाखाली उतरत नव्हता, ही एक. आणि कामावर सगळे बरोबर असायचे, गाणी व्हायची, दिवस निघून जायचा, ही दुसरी.

जुने ते सगळे सोने, असे मला म्हणायचे नाही. त्या काळी माणसे कुपोषणाने आणि साध्या रोगांनी लवकर मरत. बायकांचे हाल तर विचारू नका. पुन्हा तसे दिवस कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. पण त्या दिवसांतील तीन गोष्टी आपण उगाच टाकून दिल्या. भरड धान्याची भाकरी, पायांची चाल आणि चारचौघांची सोबत.

शरीराला संकट कसे कळते?

आता थोडे शास्त्र. संकट समोर आले की शरीरात काही रस स्रवतात. हृदयाची धडधड वाढते, रक्तात साखर उतरते, स्नायू ताठ होतात. हे सारे पळायला किंवा लढायला बळ मिळावे म्हणून. रानात लांडगा समोर आला तर त्याचा उपयोग आहे. कोरेगावच्या सैनिकाला त्याचा उपयोग झाला. पण आपल्यासमोर आज लांडगा येत नाही, बँकेची नोटीस येते किंवा साहेबाचा फोन येतो. आपण खुर्चीवर बसूनच असतो. रक्तात उतरलेली साखर वापरली जात नाही, वाढलेला दाब लवकर खाली येत नाही. रोज असे झाले की शरीर झिजते, झोप बिघडते, आणि झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी भूक वेडीवाकडी लागून गोड-तळलेले खावेसे वाटते. चालणाऱ्या माणसाचे स्नायू ती साखर वापरतात, झोप गाढ लागते, मन हलके होते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्यात किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. हा रोग आता फक्त बंगल्यातला राहिलेला नाही, वस्तीतही आला आहे.

ताटाचे म्हणाल तर बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी, तांदुळजा, शेवग्याचा पाला, शेंगदाणे हे सारे आपल्याच शिवारातले. बाजरीची भाकरी, पालेभाजी आणि उसळ यांत पोट भरते आणि साखर हळूहळू चढते. पण भाकरीलाही माप आहे, हे शुगरवाल्यांनी विसरू नये. आपल्या भागात ऊस आणि गुऱ्हाळे आहेत, म्हणून गुळाचा चहा चालतो असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. गुळानेही साखर वाढतेच. मीठ कमी, चहा कमी, मिश्री-तंबाखू बंद. दारूबद्दल तर पाचवे शील आपण रोजच म्हणतो. टेन्शन गेलं म्हणून पिणाऱ्याचे टेन्शन दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन दारात उभे असते.

एक सावधगिरी सांगतो. पौर्णिमेला अष्टशील पाळताना दुपारनंतर जेवण न घेणाऱ्या मंडळींपैकी ज्यांना शुगरची गोळी किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि ज्याचे मन अनेक दिवस खचलेले आहे, झोप उडाली आहे, जगू नये असे वाटते आहे, त्याला चालून ये असे सांगून वाटेला लावू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. यात कसलाही कमीपणा नाही.

विहाराने काय करावे?

कुणी म्हणेल, भाकरी खाऊन आणि चालून आमचा ठेका कायम होणार आहे का? जातीचा टोमणा मारणारा माणूस सुधारणार आहे का? नाही, त्याने अन्याय संपत नाही. अन्यायाशी संघटितपणे लढावेच लागते. पण लढणारा माणूस टिकला पाहिजे. कोरेगावचे सैनिक टिकले, महाडचे सत्याग्रही टिकले, बहात्तरच्या आया टिकल्या. आज शिकलेसवरलेले आपले तरुण चाळिशीत हृदयविकाराने जात असतील तर चळवळ कोण पुढे नेणार?

म्हणून या वर्धापनदिनी माझी नम्र सूचना आहे. विहाराभोवतीची जागा साफ करून एक चंक्रमण पथ करावा. साधी मातीची पायवाट पुरे, फरशी नको. सकाळ-संध्याकाळ वंदनेआधी वीस मिनिटे सर्वांनी तेथे चालावे, म्हाताऱ्यांनी आपल्या गतीने. जयंती जवळ आली की महिनाभर लेझीम आणि लाठीचा सराव होतो आणि जयंती झाली की सामान माळ्यावर जाते. ते आठवड्यातून दोन दिवस वर्षभर चालू ठेवावे, मुलींनाही त्यात घ्यावे. वर्षावासात ग्रंथवाचनानंतरच्या भोजनदानात एक तरी भरड धान्य आणि एक पालेभाजी असावी आणि गोडाचा एकच पदार्थ ठेवावा. आणि पंगत एकदमच बसावी. वाढणाऱ्या भगिनींसाठी वेगळी, उशिराची पंगत नको. पुरुषांनी वाढायला शिकावे.

यासाठी वर्गणी काढावी लागणार नाही. आळवीच्या सभेत भगवंत एका भुकेल्या शेतकऱ्यासाठी थांबून राहिले होते. आपल्या शेजारीही दिवसभर बैल शोधून दमलेला कुणीतरी असेल. आज संध्याकाळी विहारात येताना त्याला हाक मारा, सोबत चालत या आणि आधी विचारा, "जेवलास का?"

जय भीम! नमो बुद्धाय!